वारसा कोणाच्या हाती द्यावा?



गवयाचे घराणे असो, नाटकमंडळी असो वा एखादे नावाजलेले मासिक असो, मूळ पुरुष बाजूला झाला की पहिला प्रश्न उभा राहतो तो वारसाचा. ज्याने त्या परंपरेची मनोभावे उपासना केली त्याच्या हाती ती सोपवावी, की जिचा त्याला गंधही नाही अशा परक्या पण कसबी माणसाच्या हाती? हा प्रश्न आज मी अमेरिकेतील एका विज्ञानकथेच्या इतिहासातून तपासणार आहे. तिचे नाव ‘स्टार ट्रेक’. बंद पडलेली किंवा खचलेली ही कथा रुपेरी पडद्यावर १९७९, १९८२ आणि २००९ अशी तीन वेळा नव्याने उभी करावी लागली. प्रत्येक वेळी दिग्दर्शक निवडताना पॅरामाउंट या चित्रसंस्थेपुढे हाच पेच होता.

प्रथम मूळ कथेविषयी दोन शब्द. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तेविसाव्या शतकातील ‘एंटरप्राइज’ नावाचे अंतराळजहाज, त्याचा धाडसी कप्तान कर्क, भावनेला थारा न देणारा अर्धमानव स्पॉक आणि तापट डॉक्टर मॅकॉय ही तिची मुख्य पात्रे. ७९ भागांनंतर १९६९ साली ती बंद पडली. परंतु तिची खरी लोकप्रियता नंतरची! गावोगावच्या केंद्रांनी जुने भाग पुन्हापुन्हा दाखविले आणि प्रेक्षकांची एक नवी पिढी तिच्यावर लुब्ध झाली. १९७६ साली पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले, तेही या चाहत्यांनी पाठविलेल्या पत्रांच्या रेट्यामुळे. ज्या कथेवर लोकांचा असा जीव जडला, ती पुन्हा सांगावयाची म्हणजे उपकाराइतकीच अपराधाचीही भीती.

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ने तिकीटखिडकीवर विक्रम केले आणि दूरचित्रवाणीसाठी आखलेल्या नव्या ‘स्टार ट्रेक’चा चित्रपट करण्याचे ठरले. दिग्दर्शक निवडला गेला तो मोठा मानकरी, रॉबर्ट वाइज. ‘सिटिझन केन’चे संकलन करणारा, ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘साउंड ऑफ म्युझिक’ यांच्या दिग्दर्शनासाठी दोनदा ऑस्कर मिळविणारा हा पुरुष. मालिकेशी त्याची ओळख बेताचीच होती. स्पॉकवाचून ही कथा उभी राहणार नाही, हे त्याला घरच्या चाहत्या मंडळींनी पटवून दिले आणि मग लेनर्ड निमॉय या नटाला परत आणण्यात आले.

चित्रपट डिसेंबर १९७९ मध्ये आला. खर्च साडेचार कोटी डॉलरांच्या घरात गेला होता. प्रदर्शनाची तारीख आधीच बांधलेली असल्याने वाइजला मनासारखे संकलन करावयास सवड मिळाली नाही. पैसा पुष्कळ आला, पण समाधान थोडे. जहाजाचे दर्शन घडविताना कॅमेरा त्याभोवती देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा फिरत राहतो. मात्र त्या जहाजातली माणसे, त्यांची थट्टा, त्यांची भांडणे मागे पडतात. मूर्ती भव्य झाली, पण तिच्यात प्राण उतरला नाही.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी रॉडनबेरी यांना सल्लागाराच्या जागेवर बसविण्यात आले आणि सूत्रे हार्व्ह बेनेट या दूरचित्रवाणीच्या निर्मात्याकडे गेली. त्यालाही मालिका ठाऊक नव्हती. पण त्याने एक गोष्ट केली, जी पुष्कळ वारसदार करीत नाहीत. तो बसला आणि जुने भाग त्याने एकूण एक पाहून काढले! त्यातूनच १९६७ सालच्या एका भागातला खान हा खलपुरुष त्याने उचलला. दिग्दर्शक म्हणून त्याने घेतला निकोलस मायर. मायरच्या नावावर तोवर एकच चित्रपट होता आणि ‘स्टार ट्रेक’शी त्याचा काडीइतका संबंध नव्हता. मात्र १९७४ साली त्याने शेरलॉक होम्सवर एक कादंबरी लिहून नाव मिळविले होते. दुसऱ्याने निर्माण केलेले, लोकांनी उराशी धरलेले पात्र हाती घेऊन पुढे कसे न्यावे, ही विद्या त्याला अवगत होती. माझ्या मते त्याच्या निवडीचे खरे मर्म येथे आहे.

निरनिराळ्या लेखकांचे चार-पाच खर्डे त्याच्यापुढे पडले होते. त्यांतले निवडक घेऊन अवघ्या बारा दिवसांत त्याने नवी पटकथा सिद्ध केली आणि तिच्यावर आपले नावही घातले नाही. ही कथा आहे तरी कशाची, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला तेव्हा त्याला आठवल्या त्या सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर या आरमारी कप्तानाच्या कादंबऱ्या. म्हणून त्याच्या चित्रपटात जहाजावर आरमारी शिस्त आली, शिट्ट्या आल्या, पाणबुड्यांच्या लढाईसारखी लढाई आली. रॉडनबेरी यांना हा लष्करी थाट रुचला नाही. आणि गंमत अशी, की कर्क हे पात्र कल्पिताना खुद्द रॉडनबेरी यांच्या डोळ्यांपुढेही हॉर्नब्लोअरच होता! परका माणूस आडवाटेने चालत चालत मूळ पुरुषाच्या उगमाशीच येऊन पोहोचला.

दुसरा प्रश्न त्याहून धीट होता. नट आता पन्नाशीला आले होते. मग पात्रे तरुण का दाखवावयाची? मायरने कर्कला वाढदिवसाची भेट म्हणून चष्मा दिला. वार्धक्य, जुनी चूक आणि मृत्यू हाच चित्रपटाचा विषय केला आणि शेवटी स्पॉकला जहाजासाठी प्राण देऊ दिला. ही वार्ता आधीच फुटली आणि चाहते खवळले. तेव्हा त्याने आरंभीच स्पॉकचे एक लटके मरण योजून शंका बाजूला सारली. सव्वा कोटी डॉलरांच्या आत, जुनेच देखावे पुन्हा वापरून केलेला हा चित्रपट ४ जून १९८२ रोजी आला. जे चाहते चिडले होते तेच पुढे त्याला सर्वश्रेष्ठ मानू लागले.

येथे कोणी म्हणेल, मग परकाच निवडावा! इतिहास एवढा सोपा नाही. स्पॉकची भूमिका करणारा निमॉय हा तर घरचाच माणूस. त्याने १९८६ साली लढाई आणि खलपुरुष दोन्ही टाकून देऊन देवमाशांची हसती-खेळती कथा सांगितली आणि ती विलक्षण गाजली. उलट २००२ साली स्टुअर्ट बेअर्ड या मुरब्बी संकलकाकडे दिग्दर्शन दिले. तो या जगाला परकाच होता. सहा कोटी डॉलर खर्चून जगभरातून सात कोटीही जमले नाहीत. केवळ परकेपणात गुण नाही. परकेपणातून जो प्रश्न सुचतो त्यात गुण आहे, आणि उत्तरासाठी करावयाच्या अभ्यासात.

२००५ साली दूरचित्रवाणीवरील शेवटची मालिकाही बंद झाली. तिसऱ्या पुनरुज्जीवनासाठी जे. जे. एब्रम्सची निवड झाली. लहानपणी आपला ओढा ‘स्टार वॉर्स’कडे होता, हे त्याने कधी लपविले नाही. पण लेखकांत त्याने एक जाणता भक्त ठेवला आणि त्याच्या जोडीला न-भक्तही ठेवले. कालप्रवाहाला फाटा फोडून त्यांनी नवी कथा सुरू केली. जुनी जशीच्या तशी राहिली. ७८ वर्षांच्या निमॉयने वृद्ध स्पॉकच्या रूपाने जणू स्वहस्ते तिचे दान दिले. २००९ चा तो चित्रपट यशस्वी झाला. पण २०१३ साली याच एब्रम्सने खानची कथा पुन्हा घेतली आणि स्पॉकच्या मरणाचा प्रसंग पात्रे उलटवून तसाच उभा केला. गल्ला जमला, तरी अनेक जुने चाहते नाराज झाले. माणूस तोच, प्रथम त्याने प्रश्न विचारला होता, नंतर नुसता नमस्कार केला.

श्रोतेहो, गुरूची तान हुबेहूब घेणारा शिष्य मैफलीत टाळी घेतो, पण घराणे पुढे जाते ते गुरूला ती तान का सुचली हे शोधणाऱ्यामुळे. वारस निवडताना त्याची भक्ती किती, हे जरूर पाहावे. पण त्याआधी दोन गोष्टी विचाराव्या. तू जुने सारे बसून पाहिले आहेस काय? आणि ते पाहून तुला कोणता प्रश्न पडला? दुसऱ्याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती वारसा सुखरूप राहील. मात्र जिवंत राहणार नाही.