इंद्रायणीचा डोह आणि दुसरी वही

मोबाइलवर आपलें गाणें, बोलणें वा विनोद स्वतःच चित्रित करून जगापुढें मांडणारा एक नवा वर्ग आपल्या डोळ्यांदेखत उदयास आला आहे. ‘कंटेंट क्रिएटर’ हें त्याचें रूढ नांव. या वर्गाचें भवितव्य पाहतांना मला देहूच्या डोहाची आठवण होते.

सतराव्या शतकांत तुकोबांच्या पाठीशीं ना दरबार होता, ना छापखाना. अभंग कीर्तनांत उठे, टाळकऱ्यांच्या मुखीं बसे आणि वारीबरोबर गांवोगांव जाई. ‘तुका म्हणे’ या मुद्रेनें कर्ता ओळखूं येई. तिच्या आडून परक्यांचीं पदेंहि खपलीं, हा भाग निराळा. पुढें वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, अभंग लोकांच्या कंठीं राहिले आणि चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनीं ते उतरून ठेविले. म्हणूनच १८६९ व १८७३ सालीं मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथा दोन भागांत निघाली, तेव्हां संपादकांना देहू, कडूस, तळेगांव व पंढरपूर येथील हस्तलिखितें ताडून पाहतां आलीं.

आतां अलीकडचें पाहा. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें देशाच्या सुरक्षिततेचें कारण देऊन टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथें करावयाचा नाहीं. परंतु खेड्यापाड्यांतील तरुणांनीं जमविलेला श्रोतृवर्ग त्यामुळें एकाएकीं दुरावला. जुलैंत इन्स्टाग्रामनें ‘रील्स’ व सप्टेंबरांत यूट्यूबनें ‘शॉर्ट्स’ भारतांत आणले. तथापि पेठ बदलली म्हणजे गिऱ्हाईक मागोमाग येतेंच असें नाहीं.

येथेंच जुन्या आणि नव्या काळांतील भेद दिसतो. तुकोबांचा अभंग एकदां कानीं पडला कीं ऐकणाराचा होई. आजची कृति मात्र परक्या कंपनीच्या कोठारांत असते. ती कोणास दाखवावी, हेंहि कंपनीचें यंत्रच ठरवितें. लक्षावधि लोक ती पाहतात, पण जपून ठेवणारे थोडे.

म्हणून या तरुणांना एवढेंच सांगावेंसें वाटतें : आपल्या कामाची दुसरी वही आपल्या घरीं ठेवा आणि ऐकणाराशीं थेट ओळख राखा. आपण श्रोत्यांनींहि, जें मनास भिडलें तें निदान एकास तरी तोंडानें सांगावें. देहूचा शब्द अशाच वाटेनें आपल्यापर्यंत पोहोंचला आहे.