किशोरवयीन मुलांची आरोग्य तपासणी आणि सिकलसेल : बौद्ध पालकांसाठी माहिती

किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षे. उंची झपाट्याने वाढते ती याच काळात, आणि मुलींची साधारणतः मुलांच्या आधी. वर्षातून एकदा उंची, वजन, डोळे, दात, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून वहीत नोंद ठेवावी, कारण एकाच मोजमापापेक्षा वर्षावर्षाची वाढ डॉक्टरांना जास्त सांगते. १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. १० आणि १६ व्या वर्षी टीडी लस असते. ती बरेच पालक विसरतात.

१२ ते १४ वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पुढे मुलींसाठी १२ आणि मुलांसाठी १३ ही मर्यादा आहे. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड असते. ती चहासोबत घेऊ नये.

पण विदर्भातील आपल्या समाजाने इथे थांबून चालत नाही. सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार, असा समज आपल्याकडे आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो बौद्ध कुटुंबांतही आढळतो. हातपाय व सांधे वारंवार दुखणे, डोळे पिवळे दिसणे, सतत ताप, वाढ मागे पडणे, वयात उशिरा येणे ही त्याची लक्षणे. अशा मुलाला घरात ‘आळशी’ म्हटले जाते! हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणणेही योग्य नाही. सिकलसेलच्या रुग्णाला लोह द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आहे. मात्र मूल वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच कळते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो, त्यामुळे तपासणीशिवाय तो स्वतःलाही ठाऊक नसतो. दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांतल्या बायोडाटात उंची, रंग, पगार सगळे असते, सिकलसेलचा रकाना नसतो. आमच्या मते ही माहिती तिथे नव्हे, त्याच्या दहा वर्षे आधी, दहावीच्या आत मुलाला मिळाली पाहिजे. लग्न ठरल्यावर कळले की दोष मुलीच्या माथी मारला जातो, आणि जनुक तर आईवडील दोघांकडूनही येते.

वर्षावासात विहारात मुले-पालक एकत्र जमतात. त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन तपासणी शिबिराची मागणी करता येईल. अहवाल मात्र बंद पाकिटात पालकांच्याच हाती द्यावेत. विहाराच्या फलकावर किंवा व्हॉट्सअॅप गटावर नावांची यादी टाकू नये.