ओल्या, आम्ल मातीतली हिरवळ : कार्पेट ग्रास

उपनगरातील सोसायट्यांच्या बागांत हिरवळ म्हटली की बहुधा हरळी किंवा बारीक पानांचे मेक्सिकन गवत लावले जाते. दोन्ही देखणी खरी, पण दोघांनाही भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन लागते. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पाण्याबरोबर मातीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून जाते, माती आम्ल होते आणि स्फुरद मुळांना मिळेनासा होतो. मग हरळी विरळ होते, मोकळ्या जागी शेवाळ आणि लव्हाळा माजतो आणि दिवाळीला पुन्हा नव्या हिरवळीचा खर्च सभेपुढे येतो.

अशा जागी कार्पेट ग्रास लावणे शहाणपणाचे. शास्त्रीय नाव ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे गवत ५ सामूच्या आसपासच्या मातीतही सुखाने वाढते, थोडी सावली सोसते आणि खताची फारशी अपेक्षा ठेवत नाही. उलट सामू ७ च्या वर गेला की लोह न मिळाल्याने ते पिवळे पडते. त्यामुळे त्याला चुना घालू नये. पाने रुंद व बोथट टोकाची, धावती खोडे चपटी. रोपवाटिकांत नावांचा घोळ फार. याच गवताला काही जण बफेलो ग्रास म्हणतात. तेव्हा नावापेक्षा पान पाहून घ्यावे.

मात्र मुलुंडची सगळी माती एकसारखी नाही. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांचा पायथा आहे, पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. खाडीकडच्या जमिनीत क्षार असू शकतात. तेथे हे गवत तग धरत नाही, पास्पालम व्हजायनॅटम हे क्षार सोसणारे गवत बरे. शिवाय नव्या इमारतीभोवती सिमेंटचा राडारोडा गाडलेला असेल, तर आणलेली लाल मातीही अल्कधर्मी होते. म्हणून आधी माती परीक्षण. चार-पाच जागची, वीतभर खोलीवरची माती एकत्र करून सामू आणि क्षार दोन्ही तपासून घ्यावेत.

ओल चालते म्हणजे तळे चालते असे नव्हे. पाणी दिवसचे दिवस साचले तर हे गवतही कुजते. शंभर फुटांना एक-दोन फूट उतार इमारतीपासून दूर ठेवावा. लव्हाळ्याचे गड्डे खणून काढावेत. ही मेहनत टाळणाऱ्याला ती पुढे चौपट करावी लागते. जुलैच्या धारांत सैल माती वाहून जाते, म्हणून ऑगस्टअखेर, सरी मंदावल्यावर, दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे चार ते सहा इंचांवर लावावेत आणि मुळे धरेपर्यंत त्यांवर चालू नये.

वाढीच्या दिवसांत याचे तुरे फूटभर उंच येतात. दोन आठवड्यांतून एकदा, दीड-दोन इंच ठेवून कापणी केली की पुरे. नत्र अगदी बेताने, वर्षातून एकदोनदा.

याचा खरा दोष म्हणजे मुळे उथळ. एप्रिल-मेमध्ये पाण्याविना ते तपकिरी पडते. पाणीकपातीच्या दिवसांत त्यासाठी टँकर मागवण्यापेक्षा तो रंग सोसावा. मुळे पुरती वाळली नसतील तर पहिल्या पावसानंतर ते पुन्हा फुटते. गणपतीच्या दुर्वांसाठी मात्र उन्हातल्या एका कुंडीत हरळी राखावी.