इनाम कमिशन आणि घरोघरच्या वंशावळी

जुन्या इनामदार घराण्यांचीं दप्तरें चाळूं लागलें असतां सनदा, महजर व हिशेबाच्या फडदा यांच्या जोडीस एक वंशावळ बहुधा हातीं येतेच. आपण तिला घराण्याच्या इतिहासाचा कणा समजतों. पण ती कोणत्या सालीं व कोणापुढें मांडण्यासाठीं तयार झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारल्यावांचून वंशावळ छापूं नये, असें म्हणण्यास इ. स. १८५२ चा अकरावा कायदा हें कारण आहे. मुंबई इलाख्यांतील इनाम कमिशन चाललें तें याच कायद्याच्या आधारानें.

ता. ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यांत एल्फिन्स्टननें वतनें, इनामें, वर्षासनें आणि धर्मादाय यांच्या रक्षणाचें वचन दिलें होतें. एका पिढीनंतर त्या वचनाचा अर्थ कायद्यानें ठरविला. सारामाफ जमीन उपभोगणाऱ्यानें आपला हक्क स्वतः शाबीत करावा, असा नियम झाला. सनद असून ती देणाऱ्यास तसा अधिकार होता असें ठरलें, तर प्रश्न मिटे. नसेल तर पुढची पायरी होती ती अशी: इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वीं साठ वर्षें अखंड भोगवटा पाहिजे, आणि अंमल सुरू झाला त्या वेळीं जमीन मूळ इनामदाराच्या नातवाच्या किंवा त्या नातवाच्या औरस पुरुषवंशजाच्या ताब्यांत पाहिजे. म्हणजे दक्षिणेंत सुमारें १७५८ पर्यंत, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीपर्यंत, मागें जावें लागे. इतकें सिद्ध झालें तर इनाम पुरुषवंश चालेल तोंवर चाले. भोगवटा चाळीसच वर्षांचा ठरला तर तें आणखी एका पिढीपुरतें चाले, मग खालसा. देवस्थानांस निराळा व सौम्य नियम होता. कमिशनच्या निकालावर दिवाणी न्यायालयांत दाद नव्हती; अपील करावयाचें तें सरकारकडेच.

लेखी पुरावा मागणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. भूमिदान करणाऱ्या राजानें तें वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहून स्वतःच्या मुद्रेनें अंकित करावें, असें याज्ञवल्क्यानेंच सांगितलें आहे. आगम हा भोगाहून बलवत्तर, हेंही त्याचेंच मत. मात्र पूर्वजांपासून क्रमानें चालत आलेल्या भोगास त्यानें अपवाद ठेवला. तेव्हां १८५२ च्या कायद्यांत पिढ्यांची मोजदाद होती एवढ्यावरून त्यास परका म्हणतां येत नाहीं. त्यांतील खरी टोंचणी दोन ठिकाणीं होती. वादी असलेलें सरकारच न्यायाधीश झालें, ही एक. आणि ‘औरस’ हा शब्द, ही दुसरी. धर्मशास्त्राप्रमाणें यथाविधि घेतलेला दत्तक हा पुत्रच. कायद्याच्या शब्दांत त्याला जागा नव्हती.

याचा परिणाम कागदांवर कसा झाला, तें मला उशिरां कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका घरीं (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) मीं एक सुबक वंशावळ नकलून घेतली व तिच्यावरून एक टांचणही लिहिलें. पुढें त्याच रुमालाच्या तळाशीं दुसरी, जीर्ण हातकागदावरील वंशावळ निघाली. तिच्यांत तिसऱ्या पुरुषास संतति नव्हती. भाऊबंदांतून दत्तक घेतल्याची नोंद होती, आणि कोणती लेक कोणत्या गांवीं दिली हेंही लिहिलें होतें. मीं नकलून घेतलेली वंशावळ विलायती कागदावर होती. तिच्यांत तोच दत्तक नुसता ‘पुत्र’ म्हणून आला होता आणि लेकी सर्वच गळाल्या होत्या. हिला बनावट म्हणावें काय? माझें मत तसें नाहीं. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनें तो पुत्रच होता, आणि लेकींचा प्रश्न कमिशननें विचारलाच नव्हता. मात्र माझें टांचण मला फाडावें लागलें.

उलटपक्षीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इनामदारांचे दाखले पडताळून पाहण्यासाठीं कमिशनला पेशव्यांच्या दप्तरांतील रोजकीर्दी, घडण्या व गांवांचे हिशेब धुंडाळावे लागले. मोडी जाणणारे कारकून त्या कामीं बसले. स्वतः लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे असिस्टंट इनाम कमिशनर होते. पुढें १९३० पासून गो. स. सरदेसाई यांनीं पुणें दप्तरांतून जे ४५ खंड संपादिले, त्या दप्तराची राखण या वसुली खटाटोपांत झाली, हें विसरतां येत नाहीं. ज्या हातांनीं इनामें गेलीं त्यांनींच त्यांचा इतिहास जपला!

लोकांचा क्षोभ मोठा होता. रॉबर्ट नाइट या इंग्रज पत्रकारानें १८५९ मध्यें कमिशनविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. शेवटीं १८६३ च्या दुसऱ्या कायद्यानें तडजोड निघाली: देशावर, ज्यांचा निकाल लागला नव्हता अशा इनामदारांनीं आकाराच्या चौथाईइतकी जुडी व दर रुपयास एक आणा नजराणा, मिळून रुपयास पांच आणे, दरसाल भरावे, मग वारस कोण हें सरकार विचारणार नाहीं. त्यामुळें १८६३ नंतर चौकशीसाठीं वंशावळ रचण्याचें प्रयोजन पुष्कळ घरीं उरलें नाहीं.

ता. १ ऑगस्ट १९५३ रोजीं जातइनामें नष्ट करणारा कायदा अमलांत आला व या कागदांचें व्यावहारिक मोल गेलें. कित्येक रुमाल रद्दींत गेले, थोडे संग्राहकांकडे आले. ज्यांच्यापाशीं ते आहेत त्यांस विनंति एवढीच कीं, वंशावळीचा कागद उजेडांत धरून त्यांतील पाणछाप प्रथम पाहावी, ती पाठीं कोणत्या कचेरीचा शेरा बाळगते तें टिपावें, आणि एका घराण्याच्या दोन वंशावळी निघाल्यास सुबक ती ठेवून जीर्ण ती टाकूं नये. दोन्ही एकाच फडक्यांत, सांपडल्या त्याच क्रमानें बांधून ठेवाव्यात.