वॉर्डातून विधिमंडळात

खिडकीजवळची कॉट तुमची. साल १९५६, टेक्सासमधलं डॅलस, लँकेस्टर रोडवरचं माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय. तुम्ही कोरियाच्या लढाईवरून परतलेले गोरे शिपाई. रात्री दचकून उठता, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. सकाळचा राउंड व्हायच्या आधीच एक साहेब आत डोकावतात. नवी नर्स येतेय, काळी आहे, पण तिला काम येतं, एवढं सांगून ते पुढच्या खोलीकडे वळतात.

मग ती येते. एडी बर्निस जॉन्सन, वय जेमतेम विशीचं. तुमचं मनगट धरते, नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. तुम्ही काहीतरी तिरकस बोलता. ती ऐकून घेते, पण मोजणं सोडत नाही. आकडा तक्त्यावर लिहून झाल्यावरच मान वर करते आणि विचारते, रात्री झोप लागली का?

तिची हकीकत तुम्हाला ठाऊक नाही. ती वेको गावची. डॉक्टर व्हायचं होतं, पण शाळेतल्या सल्लागारांनी सुनावलं की मुलीनं नर्स व्हावं. टेक्सासमध्ये काळ्या मुलीला चांगल्या नर्सिंग कॉलेजचं दार बंद, म्हणून इंडियानातल्या सेंट मेरीज कॉलेजात शिकून १९५५ साली तिनं पदविका घेतली. इथली नोकरी नुसत्या अर्जावर मिळाली. तोंड कुणी पाहिलं नव्हतं. आवारात राहायला खोलीही ठरली होती. ती हजर झाली, रंग दिसला आणि खोली रद्द झाली. नोकरी मात्र राहिली. पुढे ती इथल्या मनोरुग्ण विभागाची मुख्य परिचारिका होईल, आणि तोपर्यंत साहेबांनी आधी येऊन वर्दी देणं थांबलेलं असेल.

आता जानेवारी १९७२. या वेळी तुम्ही डॅलसमधल्या काळ्या वस्तीतले मतदार आहात. शहरातल्या बड्या दुकानांत तुमच्या आईला टोपी डोक्यावर घालून बघायची मुभा नव्हती. त्या दुकानांवर बहिष्कार टाकणाऱ्या बायकांत या जॉन्सनबाई पुढे होत्या. तुमचं मत मात्र आजवर पाण्यात जात आलंय. आपल्याकडे महापालिकेत बहुसदस्यीय प्रभाग असतो ना, तसाच प्रकार, पण अफाट. ताज्या आखणीनुसार अख्खी डॅलस काउंटी हा एकच मतदारसंघ आणि त्यातून १८ आमदार. प्रत्येक जागेवर साऱ्या काउंटीचं मत. गोरी वस्ती मोठी, त्यामुळे अठराही जागांचा निकाल तिच्याच हाती. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना काळापासून इथून फक्त दोन काळे आमदार निवडून गेले, तेही गोऱ्या पुढाऱ्यांच्या समितीनं आपल्या पॅनेलमध्ये घेतले म्हणून.

याच महिन्यात संघराज्याचं न्यायालय ही रचना मोडून काढतं आणि काउंटीचे एकेका जागेचे तुकडे पाडायला लावतं. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयही तो निकाल उचलून धरेल. तुमच्या वस्तीला आपला माणूस पाठवता येणार! पण सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. सोळा वर्षांची पगारी, पेन्शनीची नोकरी सोडायची, आणि कशासाठी? टेक्सासच्या आमदाराचं मानधन वर्षाला ४,८०० डॉलर. अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. बाकी पोटापाण्याचं ज्याचं त्यानं बघायचं. नीमन मार्कस या दुकानाचे स्टॅनली मार्कस पाठीशी उभे राहतात. बाई राजीनामा देतात. नोव्हेंबरात तुम्ही मत देता आणि त्या निवडून येतात.

जानेवारी १९७३, ऑस्टिन. गुलाबी ग्रॅनाइटच्या विधानभवनात तुम्ही प्रेक्षक सज्जात. खाली दीडशे सदस्य, बहुतेक सगळे गोरे पुरुष. त्यांत मोजक्या बायका: ह्यूस्टनच्या सेनफ्रोनिया थॉम्पसन, रिपब्लिकन के बेली, आणि सारा वेडिंग्टन, जिनं लढवलेल्या गर्भपाताच्या हक्काबद्दलच्या ‘रो विरुद्ध वेड’ खटल्याचा निकाल याच महिन्याच्या २२ तारखेला लागतो. नवऱ्याच्या सहीवाचून बाईला कर्ज नाकारायची रीत मोडावी म्हणून या आमदार बायका पक्ष विसरून एकत्र येतात. दुसऱ्या खेपेला जॉन्सन कामगार समितीच्या अध्यक्ष होतात. इतक्या महत्त्वाच्या समितीवर टेक्सासच्या सभागृहात बाई बसण्याची ही पहिलीच वेळ. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर त्यांना आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या विभागीय संचालक नेमतात. १९८६ साली त्या राज्याच्या सिनेटवर निवडून येतात आणि एड्सच्या रुग्णांना भेदभावापासून वाचवण्याचा प्रश्न हाती घेतात.

शेवटचा मुक्काम १९९१. तुम्ही सिनेटमधले कारकून, समोर डॅलसचा नकाशा. अमेरिकी काँग्रेसच्या नव्या मतदारसंघांची आखणी चाललीय आणि उपसमितीच्या प्रमुख आहेत सिनेटर जॉन्सन. क्रमांक तीसचा मतदारसंघ तुम्ही बोटानं माग काढत बघता. रेघ गल्लीबोळांतून वळते, घरांच्या एका रांगेत शिरते, दुसरी सोडून देते. काळी मतं एकत्र यावीत, हा हेतू उघड आहे. जागा बाईंसाठीच कोरली, ही कुजबुजही बाहेर उघडच चाललीय. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्या १९९२ साली तिथून निवडून येतात आणि अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या नर्स ठरतात.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय ‘बुश विरुद्ध व्हेरा’ खटल्यात हाच मतदारसंघ घटनाबाह्य ठरवतं: आखणीत वंशाचा विचार इतर सगळ्यावर वरचढ ठरला. एका न्यायालयीन आखणीनं ज्यांना दार उघडलं, त्यांचीच आखणी दुसऱ्या न्यायालयानं खोडली. रेघ नव्यानं मारली जाते, मतदार बदलतात, गोऱ्यांचं प्रमाण वाढतं. त्याच वर्षी निवडणूक होते आणि जॉन्सन पुन्हा जिंकतात. नकाशानं त्यांना संधी दिली हे खरं. पण जानेवारी २०२३ पर्यंत तीस वर्षं ती जागा राखणं, आणि तिथून विज्ञान समितीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष होणं, हे कुणी नकाशात आखून दिलेलं नव्हतं.