गुरूवाचून मल्लविद्या

मी बीड जिल्ह्यातील, गेवराई तालुक्यातील तलवाडा गावचा एक निवृत्त शाळामास्तर आहे. चौथीच्या वर्गास मी पुष्कळ वर्षे एक गोष्ट सांगत आलो आणि ती अर्धीच सांगत आलो. ह्याची जाणीव मला गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने करून दिली.

हा मुलगा आता बावीस वर्षांचा आहे. घरामागील लिंबाच्या फांदीस त्याने वाळू व चिंध्या भरलेली गोणी टांगली आहे. पहाटे तो तीवर ठोसे आणि लाथा मारतो. आणि मोबाइलवर चित्रफिती पाहून एकेक पकड घोटतो. ज्यास मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात, त्या मिश्र लढतीत त्याला उतरावयाचे आहे. ह्या प्रकारात ठोसा, लाथ, कुस्ती आणि सांध्याची आवळणी हे सारेच चालते. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरी झालेल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी नावाच्या सडपातळ ब्राझिली तरुणाने आपल्याहून धिप्पाड गड्यांना शरण आणले, तेव्हापासून तो जगभर फैलावला. आमच्या गावी त्याचा शिक्षक कोठून असणार? मी म्हणालो, "बाबा, कोणातरी जाणत्या माणसाच्या हाताखाली शिक." त्यावर तो हसून म्हणाला, "गुरुजी, बाळंभटदादांना कोण कोच होता? तुम्हीच तर सांगितलं होतं."

मी निरुत्तर झालो, कारण मी खरोखरच तसे सांगितले होते.

ती गोष्ट आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द १७९६ ते १८१८ अशी होती. त्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारी आव्हान दिले. (निजामाचा मुलूख म्हणजे तेव्हाचा आमचाच मुलूख, बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे वर्गात ही गोष्ट सांगताना कोणाची बाजू घ्यावी, असा पेच मला दरवर्षी पडे!) त्यांच्यापुढे उभे राहण्यास कोणी धजेना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या ऐन विशीच्या आतील तरुणाने विडा उचलला, काही अवधी मागून घेतला आणि वणीनजीकच्या सप्तशृंगीच्या गडाची वाट धरली. तेथे त्याने देवीची आराधना केली. देवीच्या आज्ञेवरून मारुतीने स्वप्नात येऊन लाकडी खांबावर डावपेच करून दाखविले, असे परंपरा सांगते. झाडांवर खेळणारी वानरे पाहून ती कल्पना सुचली, असे म्हणणारेही आहेत. मी त्या वादात पडत नाही. बाळंभट परत आला, त्याने अलीस चीत केले आणि गुलाबाने लढण्याचे नाकारले.

येथे माझी गोष्ट संपत असे आणि मुले टाळ्या वाजवीत. परंतु विद्यार्थ्याच्या त्या प्रश्नानंतर मी ती पुन्हा मनात चाळू लागलो, तेव्हा तिच्यातील मोठ्या फटी दिसू लागल्या.

पहिली गोष्ट ही की, तो खांब काही गडावर आकाशातून उतरला नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या आहाराचे आणि मेहनतीचे वर्णन असून मल्लस्तंभाचाही उल्लेख येतो. म्हणजे मल्ल आणि खांब यांची जोडी निदान साडेआठशे वर्षांची आहे. बाळंभटाने ती नव्याने जुळविली आणि शास्त्रशुद्ध केली. आणि तेवढे श्रेयही लहान नव्हे.

त्या खांबाची घडण तर पाहा. सागाचा किंवा शिसवीचा, बुडाशी जाड आणि वर निमुळता होत गेलेला, जमिनीत पुरलेला. त्याचे तीन भाग असतात आणि त्यांची नावे आहेत अंग, मान आणि बोंड. हा माणसाचाच आराखडा नव्हे काय? त्यास एरंडेल चोळले की तो घामेजलेल्या गड्यासारखाच निसटता होतो. त्यास पायांची अढी घातली म्हणजे मांड्या आवळण्याचे बळ येते. बगलीने काखेतील पकड पक्की होते. फिरकी आणि दसरंग यांनी डोके खाली व पाय वर असतानाही दिशेचे भान सुटत नाही. आज मलखांब हा स्वतंत्र खेळ झाला आहे, त्याच्या स्पर्धा भरतात आणि मुली दोरीवर तो डोळ्यांचे पारणे फिटेल असा करतात. परंतु मूळचा तो मल्लाचा मुका जोडीदार. ह्या दृष्टीने लिंबाची गोणी ही त्याचीच धाकटी बहीण होय, हे मला कबूल करावेच लागले.

दुसरी फट ह्याहून मोठी आहे. गडावर जाताना बाळंभट नवशिका होता काय? अलीसारख्या मल्लाचा विडा उचलणारा तरुण पुण्याच्या तांबड्या मातीत आधी कित्येक वर्षे घोळलेला असला पाहिजे, असे मला वाटते. खांबाने त्याचे अंग तयार केले असेल. पण समोरचा गडी केव्हा हूल देतो, केव्हा दम टाकतो, हे खांब सांगत नाही. तो ढकलीत नाही, चुकत नाही आणि ओरडतही नाही. शिवाय बाळंभटाने पुढे काय केले, तेही मी मुलांस सांगत नसे. हा माणूस जन्मभर इतरांस शिकवीत राहिला. बाजीराव ब्रह्मावर्तास गेल्यावर दादाही तिकडे गेले. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखे शिष्य तयार झाले आणि विद्या माणसाकडून माणसाकडे काशीपर्यंत गेली. त्यांनी शिष्यांस खांबाच्या स्वाधीन करून दिले नाही. जवळ उभे राहून शिकविले.

आमच्याच जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणले. तोही प्रथम वडिलांजवळ आणि मग पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार व काका पवार ह्या वस्तादांजवळ शिकला. हे मी त्या मुलास सांगितले. "त्यांचे वडील पैलवान होते, गुरुजी," तो म्हणाला. त्याचे वडील ऊसतोडीस जातात. त्यावर काय बोलणार?

तेव्हा मला एक गोष्ट सांगावी लागली, जी मी वर्गात कधीच सांगितली नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतरचे वर्ष होते. मी पंधरा वर्षांचा होतो. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी काढलेल्या व्यायाम ज्ञानकोशाची कीर्ती आम्ही ऐकून होतो. माझ्या हाती आले ते मात्र मुखपृष्ठ फाटलेले दुसरेच एक व्यायामाचे पुस्तक. त्यात कोपर उलट मुरडून गडी जिंकण्याचा एक डाव सचित्र दिला होता. मी तो महिनाभर उशीवर घोटला आणि एके दिवशी नांगरटीत माझ्या जिवलग मित्रावर केला. चित्रातील खालच्या गड्याचा चेहरा अगदी शांत होता. मित्र ओरडला, ते मला झोंबीतले ओरडणे वाटले आणि मी अधिकच ओढले. सांधा निखळला. हाडवैद्याने तो बसविला. पण हात पुन्हा सरळ झाला नाही. पुढे तो भरतीस गेला असता हात पाहूनच त्यास परत पाठविले.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. सांधा मोडण्यापर्यंत जाण्याचे कारणच नसते. मिश्र लढतीत सांधा आवळूनच गडी शरण आणता येतो. म्हणून तेथे हाताने थाप दिली की तत्क्षणी सोडावयाचे असते, आणि पंच शेजारी उभा असतो. लढतीत तो असतो; लिंबाखाली असत नाही. गोणी कितीही आवळली तरी थाप देणार नाही, आणि सोडण्याचा सराव तीवर होत नाही.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यास मित्राच्या घरी नेले. मित्राने सदऱ्याची बाही वर केली व तो वाकडा हात पुढे केला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, तुह्या पुस्तकात सोडायचं पान फाटलं होतं का रं?" पन्नास वर्षांत त्याने हा विषय प्रथमच काढला.

त्या दिवसापासून माझा मित्र संध्याकाळी लिंबाखाली बाजेवर येऊन बसतो. त्यास ठोसा कळत नाही की लाथ कळत नाही. मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ झोंबतात; पकड बसली की हा बाजेवरून "सोड!" म्हणून ओरडतो आणि न सोडल्यास काठी आपटतो. पकड सुटली म्हणजे पुन्हा तीच पकड, पुन्हा तेच ओरडणे. पुण्याच्या एका शिक्षकाकडे महिन्यातून दोन दिवस जाण्याचेही ठरले आहे. एस. टी.चे भाडे आम्ही दोघे म्हातारे मिळून देतो, हे त्याच्या वडिलांस अद्याप सांगितलेले नाही.