शेवटच्या गाडीचा भरवसा

१ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे पहिली एसटी धावली, तेव्हा आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे लाल एसटी आमचीही झाली.

देवळीहून वर्ध्याला मी तीस वर्षं शिकवायला गेले. प्रवाशाचं समाधान कशात असतं, ते मला फाट्यावर उभं राहून कळलं. सीट मऊ आहे का, हे कुणी विचारत नसे. गाडी वेळेवर येईल का, हात दाखवल्यावर थांबेल का, कंडक्टर सुटे पैसे परत देईल का आणि संध्याकाळची शेवटची गाडी नक्की आहे ना, एवढंच विचारत. त्या शेवटच्या गाडीच्या भरवशावर खेड्यातल्या मुली कॉलेजात गेल्या, आजारी माणसं सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात जाऊन घरी परतली.

मार्च २०२३पासून बायांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत मोलाची आहे. पण गाडी आली तरच तिचा उपयोग. म्हणून विनंती एकच: फाट्यावरची शेवटची गाडी कधीही रद्द करू नका.